तुम्ही विचारलंत म्हणून: ऑडिट सोडून घड्याळं का?

प्रश्न एकच असतो, विचारणाऱ्याचा सूर तेवढा बदलतो. ‘ऑडिटमधली चांगली नोकरी सोडून घड्याळं दुरुस्त करत बसलीस, असं झालं तरी काय?’ अर्ध्यांना मी पस्तावल्याचं ऐकायचं असतं. उरलेल्यांना, आतल्या हाकेला ओ देऊन मी कशी सुखी झाले ते. आजवर दोघांनाही ‘आवडतं म्हणून’ एवढंच सांगून वाटेला लावलं.

हाक वगैरे काही ऐकू आली नव्हती. रात्री एखादं बंद पडलेलं घड्याळ उघडून बसायचे आणि तेवढा वेळ मला कुणाला काही पटवून द्यावं लागायचं नाही, बस्स. जुन्या घड्याळाचं बॅलन्स चक्र, म्हणजे मागेपुढे झुलत वेळ राखणारं चाक, तासाला 18,000 ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच. ते देतं किंवा देत नाही. ताळेबंदातलं ‘बहुतांशी बरोबर’ इथे चालत नाही, असं मी तेव्हा छाती ठोकून सांगायचे. साफ चूक होती ती. जुनं घड्याळ दिवसाला अर्धं मिनिट इकडेतिकडे झालं तरी आम्ही त्याला चांगलं म्हणतो. किती चूक खपवून घ्यायची हे आधी ठरवायचं आणि मग सही करायची, हेच तर मी ऑडिटमध्ये करत होते.

आणि कृपा करून मला जॉन हॅरिसनची, त्या अठराव्या शतकातल्या इंग्रज घड्याळजीची, गोष्ट पाठवू नका. माहीत आहे. सुताराचा मुलगा, स्वतः सुतार. 1761 साली जमैकाला निघालेल्या जहाजावर त्याचं घड्याळ 81 दिवसांत जेमतेम पाच सेकंद मागे पडलं. ते त्याचं चौथं सागरी घड्याळ होतं. पहिलं पुरं झालं 1735 साली. मधली पंचवीसेक वर्षं गोष्ट पाठवणारे गाळतात. शिवाय हॅरिसन बरोबर निघाला म्हणून आपल्याला ठाऊक. ज्यांचं घड्याळ चुकलं त्यांनाही हाक आलीच असणार की.

आता मामाचं सांगते. माझी नोकरी त्याच्याच शब्दावर लागली होती. मी ती सोडली तेव्हा तो माझ्याशी वर्षभर बोलला नाही. मग एक दिवस आला, मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, ‘बघ गं, हल्ली फार पुढे जातंय.’ माफी, परवानगी, जे काय असेल ते त्या एका वाक्यात होतं.

दुखणं साधं होतं. हेअरस्प्रिंगला, म्हणजे बॅलन्सला झुलवणाऱ्या वेटोळ्यांच्या स्प्रिंगला, तेल लागून तिची वेटोळी एकमेकांना चिकटली होती. वेटोळी चिकटली की स्प्रिंग जणू आखूड होते आणि घड्याळ पळायला लागतं. धुऊन काढली की झालं. मी भिंग डोळ्याला लावलं, बॅलन्स उचलला आणि चिमट्याचं टोक स्प्रिंगमध्ये अडकलं. हिसका अगदी बारीक होता. पण केसाहून बारीक असलेली ती चपटी चकली एका क्षणात शंकूसारखी वर ओढली गेली. तासभर ती सरळ करत बसले. प्रत्येक वेळी आणखी बिघडली. हात कापत होते, आणि डोक्यात एकच: यासाठी सोडलीस?

त्याच जातीचं एक मेलेलं घड्याळ सुट्या भागांसाठी ठेवलेलं होतं. त्याचा बॅलन्स स्प्रिंगसकट काढून मामाच्या घड्याळात बसवला. झकास चालायला लागलं. मामाला सांगितलं, ‘साफ केलं.’

सांगायला हवं होतं का? सुटा भाग बदलणं यात गैर काहीच नाही, रोज बदलतो आम्ही. पण बदलला की गिऱ्हाइकाला सांगतो.

मामा आता भेटेल त्याच्यापुढे मनगट धरतो. ‘भाचीनं केलंय. मिनिट हलत नाही. हिला हेच करायचं होतं, आम्हीच आडवे आलो.’ मी शेजारी उभी असते. निर्णय बरोबर होता का, असं तुम्ही विचारता तेव्हा तुमच्यापुढेही तेच मनगट येतं, आणि त्यातला बॅलन्स दुसऱ्याच घड्याळाचा आहे. सोडल्याचा पस्तावा नाही, हे खरं. पण पुरावा मागाल तर तो असा.

मामाची मूळ स्प्रिंग माझ्या खणात, एका काचेच्या डबीत आहे. हाताला सराव झालाय असं वाटलं की बाहेर काढते. गेल्या महिन्यात दोन वेटोळी सपाट झाली. तिसरं करायला गेले तर पहिलं पुन्हा उचललं गेलं.