भाचीला घेऊन म्युनिकला: न्यायालयाने नेमलेल्या पालकांसाठी

दिवाळीच्या सुटीत मी भाचीला घेऊन म्युनिकला जाऊन आले. तिचे आईवडील हयात नसल्यामुळे १८९० च्या पालक व पाल्य कायद्यानुसार पुण्याच्या न्यायालयाने मला तिची पालक नेमले आहे, आणि प्रवासाच्या तयारीतला बहुतेक वेळ गेला तो त्यामुळेच. या कायद्याच्या २६ व्या कलमाप्रमाणे, नियमांत सांगितलेली कारणे वगळता, नियुक्त पालकाला न्यायालयाच्या परवानगीवाचून पाल्याला त्या न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राबाहेर नेता येत नाही. काटेकोर अर्थ लावला तर मुंबईचा विमानतळसुद्धा हद्दीबाहेरच पडतो!

म्हणून तिकिटे काढण्याआधी, ज्या न्यायालयाने नेमणूक केली तिथेच वकिलांमार्फत अर्ज द्यावा. त्यात प्रवासाच्या तारखा, मुक्कामाचा पत्ता, खर्च कोण करणार आणि परतीची हमी हे सारे स्पष्ट लिहावे. आमच्या वेळी न्यायाधीशांनी भाचीला जवळ बोलावून शाळा कधी सुरू होते एवढेच विचारले. तिने तारीख सांगितली, ती त्यांनी अर्जातल्या परतीच्या तारखेशी ताडून पाहिली आणि मगच पुढचा कागद उलटला. परवानगी एका प्रवासापुरती किंवा सर्वसाधारण अशा दोन्ही प्रकारे मिळू शकते, त्यामुळे वरचेवर जाणे होणार असेल तर तसे अर्जातच मागावे.

आदेश हाती येताच प्रमाणित नकला एकीऐवजी तीन-चार मागवाव्यात, कारण व्हिसा केंद्र, विमानतळ आणि घरची फाइल अशी तिन्हीकडे त्यांची गरज पडते. आदेश मराठीत असल्यास इंग्रजी भाषांतरही करून घ्यावे. शेंगेन व्हिसाच्या (जर्मनीसह युरोपातल्या बहुतेक देशांसाठीच्या सामाईक व्हिसाच्या) अर्जावर अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालील, मुलाच्या वतीने पालकाची सही लागते. सोबत नेमणुकीचा आदेश, मुलीचा जन्मदाखला, आईवडिलांचे मृत्यूदाखले आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा जोडला. मुलांचा पासपोर्ट साधारणपणे ५ वर्षे किंवा वयाची १८ पूर्ण होईपर्यंत, यांतले जे आधी येईल तोवर चालतो, हेही आधी तपासावे. मुंबईत इमिग्रेशनच्या खिडकीवर आडनावे वेगळी पाहून नाते विचारले गेले, तेव्हा नक्कल हातातल्या पिशवीत असल्याचा उपयोग झाला.

कायमचे स्थलांतर करायचे असेल, तर प्रवासाच्या परवानगीवर ते भागवू नये. त्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो आणि तिथे पाल्याचे हित, शिक्षण, इथल्या नातलगांशी राहणारा संबंध हे सगळे तपासले जाते. परवानगीविना मुलाला नेऊन न्यायालयाच्या अधिकारात अडथळा आणल्यास ४४ व्या कलमाखाली १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. दंडाची रक्कम आज किरकोळ वाटली तरी पालकत्व पणाला लावण्याजोगी ती बाब नव्हे. परतल्यावर पासपोर्टवरील शिक्क्यांच्या प्रती दाखल करण्याची अट आमच्या आदेशात होती, ती शाळा उघडण्याआधीच पूर्ण केली.