ब्यूटेनला मुका, हायड्रोजनला जागा

कोकणातल्या एका सबस्टेशनमधून निरोप आला, "मॅडम, बॅटरी रूममधला गॅस डिटेक्टर मेलाय." कशावरून, तर लायटरचा गॅस सोडून बघितला. ही सवय जिथे तिथे दिसते आणि मला तिचा राग येतो. लायटरमध्ये ब्यूटेन असतो, आणि बूस्ट चार्जला, म्हणजे जादा व्होल्टेजवर चार्जिंगला लावलेल्या लेड-ॲसिड बॅटऱ्यांतून निघतो हायड्रोजन. त्याला रंग नाही, वास नाही, हवेत 4 टक्के झाला की पेटू शकतो, म्हणून अलार्म 1 टक्क्यालाच लावलेला.

डिटेक्टरमधला सेन्सर टिन ऑक्साइडच्या नॅनोकणांचा, त्यात थोडं पॅलेडियम, खाली हीटर. तापलेल्या कणांवर हवेतला ऑक्सिजन चिकटतो, कणातले इलेक्ट्रॉन अडवून धरतो आणि रोध (विजेला होणारा अडथळा) चढतो. हायड्रोजन आला की त्या ऑक्सिजनचं पाणी होतं, इलेक्ट्रॉन सुटतात, रोध कोसळतो आणि डिटेक्टरचा आकडा उसळतो. कण जेमतेम काही नॅनोमीटरचा असेल तर पृष्ठभागावरची ही उलथापालथ थेट गाभ्यापर्यंत पोचते.

सिलिंडरमधला टेस्ट गॅस कोरडा असतो. भर जुलैत कोकणात त्यावर कॅलिब्रेशन करणं, म्हणजे सेन्सरचा आकडा ताडून घेणं, हे नुसते कागद भरणं, कारण कणांवरच्या त्याच जागा पाण्याची वाफही अडवते. मी गॅस बबलरमधून, म्हणजे पाण्यातून बुडबुडे काढत नेते, खोलीइतका दमट करते आणि मगच आकडा लिहिते. बराच वेळ जातो, पण हे सोडून चालत नाही.

1 टक्का हायड्रोजन सोडला. मेलेला म्हणून सांगितलेला सेन्सर मागच्या नोंदीपेक्षाही जोरात उसळला. ब्यूटेन दिला, तर जवळपास ढिम्म. पुन्हा हायड्रोजन, पुन्हा उसळी. फक्त गॅस बंद केल्यावर रोध मूळ जागी यायला फार वेळ लागत होता.

वर बघितलं, तर एसी डक्टच्या सांध्यांना ताजं सिलिकॉन सीलंट. त्याची वाफ तापलेल्या कणांवर जळते आणि सिलिकाचा पातळ थर बसतो. हायड्रोजनचा रेणू इवलासा, तो थरातून आत जातो. ब्यूटेन बाहेरच अडतो. प्रयोगशाळांत हाच थर मुद्दाम चढवतात, सेन्सरने इतर गॅस सोडून हायड्रोजनच ओळखावा म्हणून.

सुपरवायझर म्हणाले, "मग आता हा फक्त हायड्रोजनच धरतो. आपल्याला तेच हवंय ना? बदलायचा कशाला?"

प्रश्न अगदी रास्त होता. तरीही मी बदलला. सीलंट सुकेपर्यंत थर वाढत राहणार, आणि कुठल्या जाडीला हायड्रोजनही अडेल हे त्या खोलीत उभं राहून सांगता येत नाही. डक्टचं काम काढताना इलेक्ट्रिकलवाल्यांना कोणी विचारलंच नव्हतं, याचं मात्र तिथे कोणालाच काही वाटलं नाही.

काढलेला सेन्सर माझ्या टेबलावर तापत ठेवलाय, सीलंटपासून लांब. हायड्रोजनला तो अजून तसाच उसळतो. सुपरवायझरांचा फोन आला की आधी त्याचीच चौकशी असते.