सिरोंच्याचा ठिपक्यांचा दगड

११ सप्टेंबर २०२५. विभागाचं कुलूप काढतोय तोच आमची एम.एस्सी.ची एक विद्यार्थिनी मोबाइल नाचवत आली. "काका, हे बघा! अगदी आपला दगड!"

'आपला' म्हणजे तिच्या प्रकल्पाचा. गडचिरोली जिल्ह्यात सिरोंच्याकडे फील्डला गेली होती, तिथून तिने लाल मडस्टोन, म्हणजे चिखल घट्ट होऊन झालेला खडक, आणला होता. त्यावर अर्ध्या ते दोन सेंटिमीटरचे फिकट हिरवट ठिपके. मोबाइलवर होता मंगळावरचा 'चेयावा फॉल्स'. जेझेरो विवरात पाणी आणणाऱ्या नेरेत्वा व्हॅलिस या जुन्या नदीपात्रात नासाच्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरला जुलै २०२४ मध्ये सापडलेला, जेमतेम मीटरभर लांबीचा खडक. त्याच्यावरही ठिपके, मात्र मिलिमीटरचे. त्यावरचा शोधनिबंध आदल्या दिवशीच 'नेचर'मध्ये आला होता आणि सगळीकडे एकच ओरड चालली होती : मंगळावर जीव!

मी भूशास्त्र विभागात थिन सेक्शन करतो. खडक ०.०३ मिलिमीटरपर्यंत घासून काचेवर बसवायचा, म्हणजे त्यातून उजेड आरपार जातो. प्राध्यापक मंडळी या स्लाइडींवर पेपर लिहितात, कापायच्या खोलीत मात्र कुणी फिरकत नाही, कपड्यांना रॉकेलचा वास लागतो म्हणून. याशिवाय बाहेरचे लोक. भट्टीतली मळी रुमालात बांधून आणायची आणि "मंगळावरून पडलेला दगड आहे, किंमत सांगा" म्हणायचं, हे नेहमीचंच. मंगळाचा खरा दगड आपल्या देशात पडलाय, बिहारमध्ये शेरघाटीला, २५ ऑगस्ट १८६५ रोजी. त्या जातीच्या सगळ्या उल्कांना आजही त्या गावाच्याच नावाने शेरगोटाइट म्हणतात. हे सांगितलं की लोकांचा चेहरा पडतो. त्यांना शेरघाटीचं काही नसतं, किंमत हवी असते.

पोरीला त्याच दिवशी स्लाइडी हव्या होत्या. एचओडींनी तिच्या आधीच कुठल्याशा चॅनेलच्या वार्ताहराला चारची वेळ देऊन टाकली होती.

मडस्टोन कापणं हे येरागबाळ्याचं काम नाही. पाण्यावर कापायला गेलात तर चहातल्या बिस्किटासारखा हातात विरघळतो. म्हणून तुकडे आधी रेझिनमध्ये भिजवायचे, तेही निर्वातात, नाहीतर आतली हवा बुडबुडे करून बसते. ते मी आदल्या आठवड्यातच करून ठेवलं होतं. मग डायमंड ब्लेडवर रॉकेल सोडत काप काढायचा, काचेवर कार्बोरंडम पसरून ४००, ६००, १००० अशी अधिकाधिक बारीक पावडर बदलत घासायचं, स्लाइडला चिकटवायचं आणि दुसरी बाजू घासायला घ्यायची. बेसॉल्ट असला तर मशीनवर सोडून चहाला जाता येतं. इथे शेवटचा भाग हातानेच. शिवाय लाल मडस्टोनची खोड अशी, की ०.०३ ला हेमॅटाइटमुळे, म्हणजे त्यातल्या लाल लोहखनिजामुळे, नुसता काळोख दिसतो. ०.०२ पर्यंत उतरावं लागतं, आणि तिथे एक फेरी जास्त झाली की स्लाइडवरचा खडकच साफ. जाडी कळते ती रंगावरून : बारीक क्वार्ट्झचे कण क्रॉस्ड निकॉलमध्ये, म्हणजे मायक्रोस्कोपच्या आडव्या-उभ्या दोन ध्रुवणपट्ट्यांमधून, आधी पिवळट दिसतात, मग पांढरे, मग राखाडी. पण त्या जाडीला मी डोळ्यांपेक्षा बोटावर भरवसा ठेवतो. दोनपर्यंत तीन ठिपक्यांच्या तीन स्लाइडी झाल्या, एकही न फाटता. हे काम करणारे आता फार उरलेले नाहीत. नव्या पोरांना लेझरने खनिज ओळखणाऱ्या रामन यंत्राचा आलेख वाचता येतो, काच सपाट घासता येत नाही.

ठिपका का पडतो ते पोरीला पाठ होतं. लाल रंग गंजलेल्या लोहाचा. जिथे सेंद्रिय काही असतं तिथे लोहाला इलेक्ट्रॉन मिळतात, ते विरघळून निघून जातं आणि खडक फिका पडतो. हे काम बरेचदा जिवाणू करतात, पण तेच करतात असं नाही. चेयावा फॉल्समध्ये लोह तिथेच थांबलेलं दिसतं. गडद कड्यांमध्ये लोह आणि फॉस्फेट, बहुधा व्हिव्हियनाइट. मधल्या फिकट भागात लोह आणि गंधक, बहुधा ग्रेगाइट. जीवाविना गंधकाचा असा पदार्थ व्हायला सहसा चांगलीच उष्णता लागते, आणि तो खडक तापल्याच्या खुणा नाहीत. निबंधाचा जोर यावर आहे. लिहिणाऱ्यांनी 'संभाव्य' शब्द सोडलेला नाही. सोडला तो बातम्यांनी.

आमच्या पहिल्या स्लाइडीत ठिपक्याच्या मधोमध काळा तुकडा निघाला. कोळसा झालेली वनस्पती, पेशींच्या भिंती दिसत होत्या. पोरगी उडीच मारायची बाकी होती. दुसऱ्यात काहीच नाही. तिसऱ्यात मधे काळी धूळ, जिला काहीही म्हणता आलं असतं.

"काका, दुसऱ्यात नव्हतंच काही?"

नव्हतं असं कसं म्हणू? ठिपका चपटा नसतो, आत गोळा असतो. माझं पातं बरोबर मधून गेलं की दोन मिलिमीटर बाजूने, कुणाला ठाऊक. घासत घासत आत जाता येईल, पण मग घासलेलं परत येत नाही. रोव्हरला तर वरचाच भाग दिसतो. त्याचा एक्स-रे साधारण ०.१२ मिलिमीटरच्या टिंबाएवढा भाग एका वेळी मोजतो. एवढ्या लांबून ते यंत्र हे करतं याला माझा दंडवत. पण थिन सेक्शन तिथे होत नाही.

चार वाजता वार्ताहर आला. मायक्रोस्कोपला डोळा न लावता त्याने विचारलं, "म्हणजे आपल्या गडचिरोलीतही एलियन होते?" एचओडी हसले आणि "तशी शक्यता नाकारता येत नाही" म्हणाले. रात्री चॅनेलवर तेवढंच वाक्य.

तो गेल्यावर पोरगी म्हणाली, "वनस्पती होती हे कळलं. पण ठिपका जिवाणूंनीच केला का?" सांगता येत नाही. दगड हातात, थर माहीत, त्या पट्ट्यात झाडांचे आणि डायनोसॉरचे जीवाश्म मिळतात, तरीही नाही. मी तिला एएलएच ८४००१ ची गोष्ट सांगितली. १९८४ साली अंटार्क्टिकात मिळालेली, १.९ किलोची मंगळाची उल्का. १९९६ मध्ये तिच्यात जीवाच्या खुणा असल्याचं जाहीर झालं, थेट अमेरिकेचे अध्यक्ष त्यावर बोलले. दगड पृथ्वीवर, जगातली उत्तमोत्तम यंत्रं दिमतीला, तरी तो दावा बहुतेकांना पटलेला नाही.

चेयावा फॉल्समधून काढलेला 'सफायर कॅन्यन' हा नमुना नळीत बंद होऊन रोव्हरमध्ये पडून आहे. तो आणायची मोहीम ११ अब्ज डॉलर आणि २०४० साल इथपर्यंत गेली, आणि २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने ती रद्दच करण्याचा प्रस्ताव मांडला. आला असता तर गंधकाचे आणि लोहाचे समस्थानिक, म्हणजे त्याच मूलद्रव्याचे हलके-जड अणू, मोजले असते. जिवाणू हलका अणू आधी उचलतात, त्याचा हिशेब मागे राहतो.

तीच परीक्षा आमच्या ठिपक्यांची करायची म्हणून पोरीने लोहासाठी एका बाहेरच्या संस्थेत नंबर लावलाय. त्यासाठी ठिपका कुटून आम्लात विरघळवावा लागतो. अख्खे असे दोनच उरलेत. तिला मोठा द्यायचाय, माल जास्त मिळतो म्हणून. मी म्हणतो लहान दे, मोठ्याच्या मध्यावरून मला आणखी एक काप काढायचाय. सोमवारपर्यंत ठरवायचंय आणि दोघंही हटायला तयार नाही.