पदवीधरांची बेकारी कच्च्या आकड्यांतून काढताना : माझा अनुभव

पीएलएफएसचा (केंद्र सरकारच्या श्रमबल पाहणीचा) वार्षिक अहवाल आला की ‘जितकं शिक्षण जास्त तितकी बेकारी जास्त’ हे वाक्य हमखास कानावर येतं. ते तपासायला अहवालातले तक्ते पुरत नाहीत, मूळ नोंदी उघडाव्या लागतात. मी हे काम कसं करते ते सांगते. दाखले २०२३-२४ पर्यंतच्या जुलै ते जून वर्षांचे आहेत. जानेवारी २०२५ पासून पाहणीची रचना बदलली आहे.

सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा पोर्टलवर नोंदणी केली की फायली मोफत मिळतात. त्यातली पहिल्या भेटीची, व्यक्तींची फाईल घ्यावी. या वर्षांत शहरी कुटुंबांकडे चार तिमाह्यांत चारदा जात, ग्रामीण कुटुंबांकडे एकदाच. पुनर्भेटींची फाईल मिसळली तर तीच शहरी माणसं पुन्हा पुन्हा मोजली जातात. लेआउट, म्हणजे कोणता रकाना कुठे आहे त्याची यादी, दर वर्षी नव्यानं वाचावा. मधे एखादा रकाना वाढलेला असला तर पुढचं सगळं सरकतं आणि सॉफ्टवेअर काही न बोलता चुकीचं उत्तर देतं.

भारांकाशिवाय, म्हणजे नमुन्यातला एक माणूस किती जणांच्या वतीनं मोजायचा त्या आकड्याशिवाय, काही मोजू नये. एनएसएस आणि एनएससी (उपनमुन्यातल्या आणि एकत्रित नमुन्यातल्या घटकांची संख्या) हे रकाने सारखे असतील तर मल्टिप्लायरला, म्हणजे फायलीतल्या कच्च्या भारांकाला, १०० नं भागायचं, नसतील तर २०० नं, आणि वर्षाच्या अंदाजासाठी पुन्हा तिमाह्यांच्या संख्येनं. मग १५ वर्षं आणि पुढच्या वयाचा देशाचा बेकारी दर काढते. २०२३-२४ साठी तो अहवालाप्रमाणे ३.२ टक्के यायला हवा. तो जुळेपर्यंत महाराष्ट्र (कोड २७) वेगळा काढण्यात अर्थ नाही.

खरी मेख पुढे आहे. हा ३.२ टक्के दर मुख्य स्थिती (वर्षातला जास्त काळ काय केलं) आणि दुय्यम स्थिती (त्याशिवाय कोणतं काम केलं) एकत्र धरून निघतो. समजा, बी.कॉम. झालेल्या मुलानं वर्षातला बहुतेक काळ नोकरी शोधली आणि दीडेक महिना वडिलांच्या दुकानात बिनपगारी हात लावला. त्याची मुख्य स्थिती ८१, म्हणजे बेरोजगार. पण दुय्यम स्थितीत २१, म्हणजे घरच्या व्यवसायातला मदतनीस, आणि ३० दिवसांपेक्षा जास्त काम झालेलं. एकत्रित मोजणीत तो कामावर असलेल्यांत जातो. म्हणून मी फक्त मुख्य स्थितीचा आणि एकत्रित असे दोन्ही दर शेजारी शेजारी मांडते. त्यांच्यातला फरक किती आणि तो कोणत्या शिक्षणगटात आहे, हेच मला सगळ्यात बोलकं वाटतं.

बेकारी दराचा छेदही बघावा, म्हणजे श्रमबल : काम करणारे आणि काम शोधणारे मिळून. शिकत असलेली मुलं (कोड ९१) श्रमबलात धरली जात नाहीत. १५ ते २९ वयोगटात दहावी झालेले आणि पदवीधर यांची तुलना केली, तर पहिल्या गटातले बरेचसे अजून वर्गात बसलेले असतात आणि श्रमबलात उरतात ते मुख्यतः शाळा सोडून कामाला लागलेले. मी २२ ते २९ वय घेते. अशिक्षितांचा बेकारी दर कमी दिसतो, कारण त्यांना वाट बघणं परवडत नाही. मिळेल त्या मजुरीला (५१) ते जातात. म्हणून बेकारी दरासोबत नियमित पगारी (३१) किती, हेही द्यायलाच हवं.

कौशल्याच्या रकान्यात सगळ्यात जास्त घोळ होतो. १ म्हणजे औपचारिक प्रशिक्षण, २ घराण्यातून आलेलं, ३ स्वतः शिकलेलं, ४ कामावर शिकलेलं, ५ इतर, ६ काहीच नाही. १ ते ५ एकत्र करून ‘प्रशिक्षित’ म्हटलं की बापाकडून रंधा शिकलेला सुतार आणि आयटीआयमधून बाहेर पडलेला फिटर एकाच रांगेत येतात. मी १ वेगळा आणि २ ते ५ वेगळे ठेवते. तरीही औपचारिक प्रशिक्षण घेतलेल्यांत बेकारी जास्त निघाली म्हणून कोर्स निरुपयोगी ठरत नाही. नोकरी मिळत नाही म्हणूनच कित्येक जण कोर्सला जातात.

राज्य, वय, लिंग, प्रशिक्षण अशा चार गाळण्या लावल्या की हातात मोजक्याच नोंदी उरतात. तेव्हा मी तीन वर्षं जोडते, प्रत्येक भारांकाला ३ नं भागते आणि तक्त्यात प्रत्येक टक्क्याखाली भाराशिवायच्या नोंदींची संख्या छापते.