पोटातले दुखणे

बाबा गेल्यानंतर चार महिने माझे पोट रोज सकाळी दुखत असे. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात चहाचा कप हाती घेतला, की बेंबीच्या वर पीळ पडायचा आणि चहा तसाच गार होऊन त्यावर साय धरायची. सोनोग्राफी झाली, दुर्बिणीने तपासणी झाली. काहीच निघाले नाही. ‘मनाचे खेळ आहेत, लक्ष देऊ नकोस,’ असे नातेवाईक म्हणत, तेव्हा मला फार लागे, कारण दुखण्याचे मूळ मनात असले तरी दुखत होते ते पोटच.

अखेर एका वयस्कर डॉक्टरांनी झोपेविषयी विचारले आणि शांतपणे समजावले. मेंदू व आतडी यांना व्हेगस नावाची नस जोडते आणि तिच्यातले बहुसंख्य तंतू पोटाकडून मेंदूकडे निरोप नेतात. ताण दीर्घकाळ टिकला, की कॉर्टिसॉल हे संप्रेरक अधिक स्रवते, झोप उथळ होते, पचन बिघडते. ताणाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ हान्स सेल्ये यांना १९३६ मध्येच उंदरांवरील प्रयोगांत ताणामुळे जठरात व्रण पडलेले आढळले होते.

औषधाबरोबर समुपदेशन सुरू झाले, पहाटे कमाटीबागेत चालणेही. शासनाची टेली-मानस ही फोनवरून मानसिक आरोग्यासाठी मदत करणारी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते, हे मला तेव्हाच कळले.

आईचा रक्तदाब त्याच काळात वाढला होता. तिला आम्ही गोळ्या आणून दिल्या, पण बाबांविषयी तिच्याशी कोणी बोललेच नाही. आता संध्याकाळी मी तिच्याशेजारी बसतो. गोळी घेऊन झाली, की ती बोलू लागते.