स्प्रिंग का नाही टाकत? तुम्ही विचारलंत म्हणून

माझ्या डिचोलीच्या शेडमध्ये ती जुनी मर्सिडीज उभी दिसली की येणारा माणूस आधी गाडीला चक्कर मारतो, मग वाकून खाली बघतो, आणि मग हमखास विचारतो की एवढा व्याप कशाला, हवेचं सस्पेन्शन काढून चार कॉइल स्प्रिंग टाकून मोकळे का होत नाही. गाडीवाले विचारतात, स्पेअर पार्टवाले विचारतात, माझा मेहुणासुद्धा विचारतो. दर वेळी अर्धवट उत्तर देऊन हातातल्या कामाकडे वळतो, म्हणून आज नीट लिहितोय.

आधी थोडं माझ्याबद्दल, कारण उत्तर तिथूनच येतं. मी मुळात ट्रकच्या एअर ब्रेकचा फिटर. खाणी जोरात होत्या तेव्हा साखळी, डिचोली, उसगाव ह्या पट्ट्यात ओरचे, म्हणजे खनिजाचे, टिपर दिवसरात्र पळायचे, लाल धूळ इतकी की संध्याकाळी पांढरा शर्ट आणि लाल शर्ट एकच दिसायचे, आणि त्या टिपरांच्या हवेच्या लाइन हेच माझं पोट. 2012 ला खाणी थांबल्या, मधे जरा सुरू झाल्या, 2018 च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने पुन्हा बंद पडल्या. ट्रक दारात उभे राहून गंजले. तेव्हा म्हापशाचे एक वयस्कर गृहस्थ, मी त्यांना बाबच म्हणतो, त्यांची ही मर्सिडीज, 300 एसईएल, घेऊन आले, सत्तरच्या आसपासचं मॉडेल. म्हणाले, मेस्ता, संध्याकाळी सरळ उभी करतो आणि सकाळी बघावं तर बसलेली असते, बेलो गेले असं सगळे म्हणतात, तुला हवेतलं कळतं तर तू बघ.

मी खाली शिरून बघितलं आणि मला एकदम घरी आल्यासारखं झालं. इंजिनावर चालणारा कंप्रेसर, हवेची टाकी, लाइन, व्हॉल्व्ह, आणि ब्रेक चेंबरच्या जागी चार रबरी बेलो, म्हणजे स्प्रिंगऐवजी गाडी तोलणाऱ्या हवेच्या पिशव्या. मर्सिडीजने मोटारीत हे पहिल्यांदा 1961 च्या 300 एसई मध्ये दिलं, मग 1963 ला मोठ्या 600 मध्ये, आणि 1965 ते 72 ह्या 300 एसईएल मध्ये. आपण मुंबईला रात्रीच्या व्होल्वोने जातो तिच्याखाली हेच तत्त्व आहे. एक बाटली मात्र मला कळली नाही, मग समजलं की तिच्यात अल्कोहोल घालायचं असतं, थंड देशात लाइनीतलं पाणी गोठू नये म्हणून. गोव्यात गोठायचा प्रश्न नाही पण पाण्याचा आहे, त्यावर येतोच.

ह्या गाडीला बेलो चार पण उंची धरणारे व्हॉल्व्ह तीनच, पुढे दोन बाजूंना एकेक आणि मागे मिळून एक. ही कंजुषी नाही हो, तिवई कशी कुठल्याही जमिनीवर डुगडुगत नाही तसं आहे ते, चार ठिकाणी चार व्हॉल्व्ह लावले तर एक भरतो तेव्हा समोरचा सोडतो आणि गाडी स्वतःशीच भांडत बसते. प्रत्येक व्हॉल्व्हला एक छोटा दांडा. मागे तीन माणसं बसली, बॉडी खाली आली, दांडा फिरला, टाकीतली हवा बेलोत गेली, बॉडी पुन्हा जागेवर आली की व्हॉल्व्ह बंद. माणसं उतरली, बॉडी वर उचलली, दांडा उलटा फिरला आणि जादा हवा बाहेर.

आता स्प्रिंगचं बघा. स्प्रिंगचा कडकपणा एकच, एकटा ड्रायव्हर असेल तेव्हा गाडी उडते आणि पाच जण बसले की मागून बसते. हवेच्या बेलोत वजन वाढलं की दाब वाढतो, दाब वाढला की कडकपणाही त्याच मापाने वाढतो, म्हणून गाडीचा डोलण्याचा ठेका रिकामी असो की भरलेली, जवळजवळ तोच राहतो आणि उंचीही तीच. गेल्या चवथीला बाबांनी घरचे पाच जण बसवले, डिकीत माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायचं, सामान, नारळ, सुपाऱ्यांचे घोस, दोन केळीचे घड, आणि गाडी माझ्यासमोरून गेली तेव्हा मागचा बंपर जिथे असायचा तिथेच होता. स्प्रिंग टाकली असती तर हे गेलं असतं, कायमचं.

राहिला प्रश्न गळतीचा, कारण स्प्रिंग टाका म्हणणाऱ्यांचं खरं दुखणं तेच. तर माझं सरळ म्हणणं असं की गाडी बसली की लोक आधी बेलोला आणि कंप्रेसरला शिव्या घालतात, महागाचे पार्ट मागवतात, आणि हवा मात्र पळत असते जोडातून. नट, युनियन म्हणजे दोन पाइप जोडणारा सुटा जोड, टी म्हणजे तीन तोंडांचा जोड, वॉशर, पाइपचं वाकडं कापलेलं टोक. बेलो फाटतात, नाही असं नाही, रबर आहे ते. पण आधी जोड बघा.

ह्या गाडीचंच सांगतो. आधी एका गॅरेजमध्ये काम झालं होतं, तिथे दाब मोजायचा गेज लावायला लाइनीच्या मधे एक टी घातलेला. टी 10 मिमी मेट्रिक आट्यांचा, पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर एक मिमी, आणि त्यात फिरवलेलं निपल, म्हणजे आट्यांचा छोटा नळीतुकडा, 1/8 बीएसपी ह्या इंची मापाचं, जे आपल्याकडे कुठल्याही हार्डवेअरमध्ये मिळतं. बीएसपीच्या त्या आट्यांचा बाहेरचा व्यास 9.73 मिमी आणि इंचात 28 आटे, म्हणजे पिच साधारण 0.9. जवळजवळ सारखं, हाच घोळ. दोन-तीन फेरे छान आत जातं, हाताला वाटतं बसलं, मग अडकतं, मग माणूस पाना लावून दाबतो आणि वर टेफ्लॉन टेप गुंडाळत राहतो. मी ते सोडवलं तेव्हा टेपचे दहा-बारा वेढे निघाले, आणि खरी गोष्ट पुढे होती. पुढच्या डाव्या बाजूचा व्हॉल्व्ह उघडला तर आत सीटवर, म्हणजे जिथे टेकून व्हॉल्व्ह बंद होतो तिथे, पांढरा, शेवईएवढा टेपचा धागा आडवा पडलेला. व्हॉल्व्ह त्या धाग्यावर बंद व्हायचा, म्हणजे व्हायचाच नाही. चिमट्याने उचलून बोटावर घेतला, फुंकर मारली असती तर उडून गेला असता. एवढ्याशा धाग्यापायी बाबांना नवे बेलो घ्यायला सांगितलं होतं.

तेव्हापासून माझा नियम, जिथे वॉशर किंवा ऑलिव्ह, म्हणजे पाइपवर दाबून बसणारी कडी, बसतं तिथे टेप नाहीच, तिथे सील आटे करत नाहीत. टेपरच्या, म्हणजे निमुळत्या, आट्यांवर लावायचंच असेल तर पहिले दोन आटे मोकळे सोडून, आणि शक्यतो टेपपेक्षा पातळ सीलंट. तांब्याचा वॉशर पुन्हा वापरायचा तर लाल तापवून पाण्यात टाकायचा म्हणजे तो परत मऊ होतो, नाहीतर कडक वॉशर कितीही आवळा, गळणारच. नायलॉनचा पाइप पक्कडीने किंवा हॅकसॉने कापायचा नाही, कटरने सरळ काटकोनात, टोकात आतली बारीक बाही घालायची, नाहीतर नट आवळताना पाइप आत दबतो, आज धरतो आणि महिन्याने सुटतो. एसीचा तांब्याचा पाइप टाकायचा मोह पुष्कळांना होतो कारण दिसतो सुंदर, पण थरथरीने तांबं कडक होत जातं आणि नटाच्या अगदी मागे बारीक तडा जातो. आणि जोडण्याआधी प्रत्येक तुकडा फुंकून साफ.

मागच्या लाइनीचंही तसंच. त्याच गॅरेजने हवा लवकर भरावी म्हणून मागे जाड पाइप आणि साधा टी टाकून डावा-उजवा बेलो थेट एकमेकांना जोडला होता. सपाट रस्त्यावर काही कळत नाही. चोर्ला घाटात नेली आणि पहिल्याच वळणाला गाडी बाहेरच्या बाजूला अशी कलली की मी स्टिअरिंग घट्ट धरलं. बाहेरचा बेलो दबतो, त्यातली हवा टीमधून आतल्या बेलोत पळते, तो आतली बाजू आणखी उचलतो, म्हणजे हवाच गाडीला कलवायला मदत करते. दोन्ही बाजूंची हवा अशी सहज इकडून तिकडे जाता कामा नये, म्हणून त्या वाटा बारीक ठेवायच्या असतात. भरायला वेळ लागतो तो लागू दे.

गळती शोधायची कशी तर माझ्याकडे दाढीचा ब्रश आहे, ट्रकच्या दिवसांपासूनचा. भांडी घासायचा लिक्विड साबण पाण्यात कालवून फेस नीट जोडावर बसवायचा आणि मग हात मागे घेऊन थांबायचं. मोठी गळती लगेच फसफसते, ती सोपी. रात्रभरात गाडी बसवणारी गळती मोहरीएवढे बुडबुडे काढते, तेही मिनिटभराने, नटाच्या एकाच बाजूला, म्हणून मागून आरसा धरून बघायचं. आणि गेजवर विश्वास ठेवताना हवामान लक्षात घ्या. संध्याकाळी 35 डिग्रीला बंद केलेली हवा पहाटे 25 ला आली की सात बारचे (बार म्हणजे दाबाचं माप) पाव बार नुसत्या गारव्याने कमी दिसतात, ती गळती नव्हे. हे माहीत नव्हतं तेव्हा मी एक टाकी विनाकारण दोनदा उतरवली आहे.

पाण्याचं म्हटलं होतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा म्हणजे अर्धं पाणीच, कंप्रेसर ती दाबतो, टाकीत थंड झाली की पाणी तळाला. ट्रकच्या टाकीचा ड्रेन कॉक पावसात उघडला की तेल मिसळून चहासारखं पाणी यायचं, मोटारीतही तेच. ते व्हॉल्व्हपर्यंत गेलं की आत गंज, आणि समुद्रावरची खारी हवा बाहेरून नट खाते ती वेगळीच. पावसाळ्यात आठवड्याला एकदा पाणी काढा, बाकी महिन्यातून एकदा पुरे.

एक गोष्ट मात्र कितीही घाई असली तरी ऐका. हवेवर उभ्या गाडीखाली नुसत्या जॅकच्या किंवा बेलोच्या भरवशावर जाऊ नका. मी शिकत होतो तेव्हा आमच्या उस्तादांनी बसखाली एक युनियन अर्धा फेरा सैल केला, आणि ती बस अशी खाली आली की आवाज नंतर ऐकू आला. त्यांनी आधी लोखंडी घोड्या लावल्या होत्या म्हणून चेसिस घोड्यांवर टेकली आणि उस्ताद हातभर अंतरावर आडवे होते तसेच राहिले. बाहेर येऊन पाणी प्यायले आणि परत आत गेले. घोडी लावल्याशिवाय मी कोणाला युनियनला पाना लावू देत नाही, गाडीचा मालक असला तरी.

परवा मडगावहून एकाचा फोन आला, त्याचीही गाडी बसते, बाहेरून स्प्रिंगचा किट मागवू का म्हणाला. म्हटलं थांब, संध्याकाळी सपाट जागी लाव, चारही चाकांवर मडगार्डच्या कडेची उंची टेपने मोजून लिही, सकाळी इंजिन चालू करायच्या आधी परत मोज आणि आकडे पाठव. आज सकाळी आले. पुढची उजवी बाजू सगळ्यात जास्त, 9 सेंटिमीटर खाली, बाकी तिन्ही ठिकाणी त्या मानाने थोडाच फरक. म्हणजे पुढचा उजवा व्हॉल्व्ह, त्याचा बेलो आणि मधली लाइन, एवढ्यातच काहीतरी आहे. किट मागवू नको, शनिवारी गाडी घेऊन ये असं त्याला कळवलंय.