अल्युमिनियमचा दांडा आणि लेझर: फ्रिंज एकदाची थांबली

धातूच्या दांड्यातून आवाजाची लाट किती वेगाने जाते ते मोजायला बनवलेला इंटरफेरोमीटर (लेझरचे दोन किरण एकत्र मिसळून बारीकशी हालचाल दाखवणारं यंत्र) आता जागेवर राहतोय! आधी खालून बस गेली की फ्रिंज (किरण मिसळून पडणारे उजेड-अंधाराचे पट्टे) सैरावैरा पळायच्या. आता रेफरन्स आरशामागे (तुलनेचा किरण परत पाठवणारा आरसा) बझरमधली पिएझो चकती चिकटवलीय (व्होल्टेज दिलं की किंचित हलणारी, पुण्याच्या तापकीर गल्लीत मिळते तीच) आणि उजेड मोजणाऱ्या फोटोडायोडच्या सिग्नलवरून तिला हळू फीडबॅक देतोय, त्यामुळे आउटपुट कायम उजेड-अंधाराच्या बरोब्बर मध्ये राहतं, तिथे चढ सगळ्यात जास्त असतो ना, मग नॅनोमीटरभर हललं तरी व्होल्टेज बदलतं. लेझर हेलियम-निऑन, ६३२.८ नॅनोमीटर, म्हणजे आरसा ३१६ नॅनोमीटर सरकला की एक अख्खी फ्रिंज. लूप मुद्दाम स्लो ठेवलाय, फास्ट केला तर तो आपलाच सिग्नल पुसून टाकेल.

सॅम्पल म्हणजे अर्ध्या मीटरचा दांडा, एक टोक घासून चकचकीत केलेलं (तोच दुसरा आरसा), दुसऱ्या टोकावर बेअरिंगचा छर्रा दोऱ्याला बांधून हलकेच आपटवायचा. लाट जाऊन परत यायला १९६ मायक्रोसेकंद, म्हणजे वेग सेकंदाला ५१०० मीटर. वेगाचा वर्ग गुणिले घनता २७००, यंग्ज मॉड्युलस (धातूचा कडकपणा) आला ७० गिगापास्कल, पुस्तकातलाच आकडा! खरी गंमत स्टीलची. वेग जवळपास तोच. कडकपणा जवळजवळ तिप्पट पण वजनही तसंच, त्यामुळे नुसत्या वेगावरून दोघांत फरक कळणारच नाही, वजनकाटा लागतोच. पितळ मात्र लगेच पकडलं जातं, ३५०० च्या आसपास.

छर्र्याचा धक्का लांबलचक असतो म्हणून हा दांड्यातला वेग मिळतो. अल्युमिनियमच्या ठोकळ्यातला ६३०० च्या घरातला वेग बघायचा तर पल्स खूप छोटी हवी, आणि तिथेच खरं लेझर अल्ट्रासाउंड सुरू होतं: काही नॅनोसेकंदांची पल्स पृष्ठभाग झटकन तापवते, तो फुगतो, लाट निघते. आर. एम. व्हाइट यांनी १९६३ मध्येच हे मांडलंय. कारखान्यात लालभडक पोलादी नळ्यांची जाडी अशीच मोजतात, हात लावायला नको की सेन्सर टेकवायला लागणारं जेल नको. पण १०६४ नॅनोमीटरचा पल्स लेझर घरात? माझ्याकडून नाही. डोळ्याला दिसतसुद्धा नाही तो, आणि चकचकीत धातूवरून परावर्तन कुठेही जाईल.

त्याऐवजी ०.५ मिलीमीटरचं पेन्सिलचं शिसं पृष्ठभागावर मोडणार, अकूस्टिक एमिशनवाले (धातूला तडा जाताना येणारा आवाज ऐकणारे) सेन्सर तपासायला हेच वापरतात. १० मिलीमीटर जाडीच्या पट्टीत प्रतिध्वनी ३.२ मायक्रोसेकंदांनी यायला हवा. माझा अॅम्प्लिफायर तेवढा फास्ट नाही, फीडबॅक रेझिस्टर कमी केला की बँडविड्थ वाढते पण सिग्नल नॉइजमध्ये बुडतो. बीपीडब्ल्यू३४ फोटोडायोडसोबत कुणी कुठला ऑप-अँप (अॅम्प्लिफायरची चिप) वापरलाय?